खिडकीतला निळा कप

सोमवार, १२ जानेवारी. सापगाव.

सकाळी शहापूरला जाऊन सुमनच्या मृत्यूचा दाखला आणला. संध्याकाळी वाडीवरची जानी टीव्ही बघायला आली. सुमन गेल्यापासून पहिल्यांदाच. नको म्हणता आलं नाही. चहा तिनेच केला.

तीच जुनी विनोदी मालिका लागली होती, दोघी रोज बघायच्या ती. त्यातला म्हातारा शेजाऱ्यासाठी वेगळा कप ठेवतो. आज तो स्वतःच चुकून त्यात चहा प्यायला. जानी पोट धरून हसली. तिच्या हातात आमचा निळा कप होता, तिच्यासाठी खिडकीत वेगळा असतो तो. तिथे तो मीच ठेवायला लावला होता. ही मालिकेला हसत होती की मला?

शेवटी विचारलं, "इतकं काय हसतेस गं?"

"वैनीची याद आली, दादा. तुमी ओटीवर गेलाव का ती याच कपात चाय प्यायची. म्हनायची, त्यांना सांगू नको गो."

खरं असेल? इतक्या वर्षांत सुमन त्या कपावरून मला एका शब्दाने बोलली नाही. की माझं तोंड बघून जानीने आत्ताच रचलं? आता विचारायचं कुणाला? आणि खरं असेल तर, सुमनने माझ्यापासून आणखी काय लपवलं?

जानी गेल्यावर पुन्हा चहा टाकला. हात माझ्याच कपाकडे गेला. त्यातच प्यायलो. मग तो विसळला आणि खिडकीत, निळ्या कपाशेजारी पालथा घातला.