काठीचा वस्ताद

मिरजगाव
३ मार्च २०२५

ती. गोजरआक्कास,
धाकट्या रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे हनुमंतची कंबर सोडून सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी त्याला वजन उचलायला बंदी केली आहे. मी त्याला पाण्याची कळशीही उचलू देत नाही. सूनबाई म्हणते की आता नवऱ्याला पाळण्यातच घालते. फोन करणार होतो, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने जोडतो आणि घोर वाढतो. म्हणून पत्र.

मुद्द्याचं लिहितो. भैरोबाच्या यात्रेत मानाची काठी आपल्या घराची. कळसाला लागेल एवढी उंच काठी कमरेच्या शेल्यात उभी करायची आणि हात न लावता देवळाभोवती नाचवायची, हे आपल्या आज्यापासून चालत आलं. हनुमंतनंतर पाळी त्याच्या मुलाची, आपल्या अमृतची. पण शिवरात्रीला काठी उचलणाऱ्याला मानाचा नारळ द्यायच्या वेळी यात्रा कमिटीचे सूर्यभान वस्ताद चारचौघांत म्हणाले की पोरगं संगमनेरला कॉलेजच्या नावाखाली घुंगरं बांधून नाचतं, सगळ्या गावाने मोबाईलवर पाहिलं, मग देवाची काठी काय नाच्याच्या कमरेला द्यायची? लोक खो खो हसले. घाईघाईने मी नारळ चुलतभावाच्या नातवाला, करणला, देऊन टाकला. तो जिमला जातो, दंड मांडीएवढे आहेत. मान भावकीतच राहिला असं मनाला समजावतो, पण झोप लागत नाही.

अमृत तुझ्याकडे राहतो, तुझं ऐकतो. नाच सोड म्हणावं. निदान मोबाईलवर तरी घालू नको म्हणावं. उद्या सोयरीक कोण करील?

आजवर केलीस तशीच माया करत राहा.
रंगनाथ


संगमनेर
१० मार्च २०२५

चि. रंगनाथ यास गोजरआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझा राग आला. लहानपणी बेडूक पाहून माझ्या मागे लपायचास, आता सूर्यभानला पाहून लपतोस.

अमृतला मी काही सांगितलं नाही, तुझं पत्रच त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि नारळ करणला दिला ते बरंच केलं म्हणाला. मग गच्चीवर जाऊन दिवे लागेपर्यंत पाय आपटत राहिला. यात्रेला येणार का विचारलं, तर परीक्षा आहे म्हणाला. परीक्षा त्या दिवसांत नाही, हे मला ठाऊक आहे.

तू त्याचं कथक मोबाईलवरसुद्धा पाहिलं नाहीस. पोरगा गरगर गिरक्या घेतो आणि थांबतो तेव्हा असा थांबतो की डोक्यावर पेला ठेवला असता तर पाणी हिंदकळलं नसतं. टाचा फुटतात, मी कोकमाचं तेल लावून देते. माझ्या सासरचे पैलवान आखाड्यातून आले की घरभर कण्हायचे, हा हूं की चूं करत नाही. आणि सोयरिकीचा घोर तू करू नकोस. गल्लीतल्या पोरी माझ्याकडे विरजण मागायला उगाच येत नाहीत.

प्रकृतीला जप, आणि थोडा धीर धरायलाही शीक.
गोजरआक्का


मिरजगाव
१८ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते कळलं. इकडे नवंच संकट आहे. करणने सरावाला काठी उचलली ती आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर आडवी झाली. म्हैस दावं तोडून पळाली, दूध आटलं. दंड नुसते फुगवून काठी उभी राहत नाही, हे आता दिसलं. यात्रेत भर गर्दीत पडली तर? आणि आता करण दर रविवारी मोटारसायकल काढून कुठे जातो ते सांगत नाही. वाईट संगतीला तर लागला नसेल?

पण खरं सांगू का, काठीपेक्षा अमृतचं मनाला लागलं आहे. जन्मल्यापासून त्याची एक यात्रा चुकली नाही. त्याला पत्र लिहायला बसतो आणि मायन्यापुढे हात चालत नाही. तू काहीतरी कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
रंगनाथ


संगमनेर
३१ मार्च २०२५

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद.

करणच्या संगतीची काळजी सोड, तो माझ्याकडे येतो. पहिल्या रविवारी खाली मान घालून दारात उभा राहिला. म्हणाला की शिवरात्रीला मीही हसलो होतो, पण आता काठीची भीती वाटते, अमृतने शिकवावं. अमृतने त्याला चहाही विचारला नाही, सरळ अंगणात उभा केला. छाती फुगवणं बंद कर, वजन पोटात घे आणि तळपायाने जमीन ओळख, असं सांगतो. स्वतः ‘ता थै थै तत्’ असे नाचाचे बोल म्हणतो आणि त्या ठेक्यावर त्याला पावलं टाकायला लावतो. तुझ्या जिमवाल्याच्या मांड्या लटलटतात. घामाघूम होऊन तो आता अमृतला वस्ताद म्हणतो आणि माझ्या भाकरी संपवतो.

काठीला आवरायला चौघे दोर धरतात, त्यातला एक दोर धरायला अमृत येईन म्हणतो. पण त्याचा एक सवाल आहे. गावात कोणी विचारलं की नातू काय करतो, तर आजोबा काय सांगणार? उत्तर पत्रात नको, असंही म्हणाला.

आता मी काही करू शकत नाही. पुढचं तुझं तू बघ.
गोजरआक्का


मिरजगाव
१५ एप्रिल २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो.

अमृत यात्रेच्या सकाळी आला, पाया पडला, पण सवाल काढला नाही. मीही काढला नाही. दुपारी काठी उठली. करणने शेल्यात घेतली आणि वळणावर वाऱ्याने ती कलली. बायाबापड्यांनी डोळे मिटले. अमृत दोर धरून मोठ्याने बोल म्हणू लागला. करणची छाती खाली बसली, पावलं ठेक्यावर पडली आणि काठी सरळ झाली. हाताचा स्पर्श नाही, दोराला ओढ नाही. पूर्ण फेरा झाला. आक्का, असा फेरा मला आयुष्यात जमला नव्हता.

फेरा झाला की काठीवाल्याचं आणि त्याच्या वस्तादाचं नाव माईकवर पुकारायचं आणि वस्तादाला फेटा बांधायचा, हा रिवाज तुला माहीत आहे. सूर्यभानने करणला वस्ताद कोण विचारलं. करणने अमृतकडे बोट केलं. सूर्यभानने माईकवर हात ठेवला आणि जिमचं नाव सांगून मोकळा हो म्हणाला. अमृत दोर गुंडाळत होता. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी कधी माईक धरला नव्हता. तरी ओट्यावर चढलो आणि माईक घेतला. सांगितलं की वस्ताद अमृत हनुमंत, माझा नातू, संगमनेरला कथक नाचतो, आणि करणला त्याने उभं केलं. मागून कोणीतरी हसलं. मग मी तेच पुन्हा सावकाश सांगितलं, आणि म्हणालो की ज्याला हसायचं आहे त्याने पुढे येऊन काठी उचलावी. कोणी आलं नाही.

फेटा सूर्यभाननेच बांधला, आणि बांधला चांगला. अमृत फेट्यासकट माझ्या पायाशी वाकला. मी त्याला उठवलं आणि उरलेला दोर त्याच्यासोबत गुंडाळला. बोलायचं ते सगळं माईकवर बोलून झालं होतं.

काल बाजारात गेलो होतो. मेथीवाल्याने जुडीचा भाव सोडून काही विचारलं नव्हतं, तरी नातू काय करतो ते मी त्याला सांगून आलो.

पोराच्या टाचांना कोकम लावत जा, आणि माझ्यावरचा राग आता सोड.
तुझा धाकटा,
रंगनाथ