ताईने चोळलेली केलची पानं

ताई,

मी लवकर निघतेय. पहाटेच्या पाळीची बाई आजारी पडली आणि तिचं काम माझ्या गळ्यात पडलं.

केलची ती कोबीच्या जातीची राठ पानं धुऊन चाळणीत निथळत ठेवली आहेत. जाड देठ मी काढून टाकलेत, सुरीचं काम तुला एवढ्यात नको. बाकी सॅलड तूच कर. मीठ, लिंबू, थोडं तेल घाल आणि कालच्यासारखी पानं चोळ.

काल मी घरी आले तेव्हा तू फोन खांद्यावर दाबून कुणा गिऱ्हाइकाला ठणकावत होतीस, "मी शिवणकाम सोडलं, आता दुसरा टेलर बघा!" आणि बोलता बोलता उजव्या हाताने पानं चोळत होतीस. प्लास्टर निघाल्यापासून ज्या हातात चमचासुद्धा धरवत नव्हता, त्याच हाताने. मी दारातच थांबले. हाक मारली असती तर तू लगेच हात बदलला असतास. ती राठ पानं तुझ्या मुठीत मऊ पडून निम्मी झाली, तरी तू थांबली नाहीस. काय चिवट बाई आहेस गं तू! आणि सॅलड इतकं झकास झालं होतं की मी वाडगा चाटूनपुसून साफ केला.

आता रागावू नकोस. आज तुझं शिलाई मशीन विकत घ्यायचं म्हणून जे बघायला येणार होते, त्यांना मी येऊ नका म्हणून कळवलंय. तरीही विकायचंच असेल, तर त्यांचा नंबर फ्रिजवर लावलाय. फोन तूच कर, आणि नंबर त्याच हाताने दाब.

तुझी धाकटी