भरल्या पोटाचा होकार

जांब,
चैत्र वद्य पंचमी, फसली १३४५

प्रिय द्वारका,

हे पत्र तुळजाबाई कासारीण बांगड्यांच्या गाठोड्यातून आणून देईल. डाकेनं धाडलं असतं तर आधी तुझ्या सासऱ्यानं फोडलं असतं. मी तुला धुळाक्षरं शिकवत होतो तेव्हा भावकी हसायची, पोरीला काय पटवारी करायचंय म्हणून. हसू दे. एकटी असशील तेव्हा वाच, आणि वाचून झाल्यावर चुलीत घाल.

आधी बातमी. तुझ्या धाकट्या बहिणीची, आपल्या झुंबरची सोयरीक मोडली. मोडली म्हणजे मी मोडली. आता पुंजारामाला तोंड दाखवायला जागा उरली नाही असं गाव म्हणतं, म्हणून मी मुद्दाम रोज सकाळी पारावर जाऊन बसतो. कोणी रामराम घालत नाही. मीच घालतो, मोठ्यानं.

तुझा बाप खाणारा माणूस, हे तुला काय सांगायचं. बारा-चौदा पुरणपोळ्या, वाटीभर तूप, वर गुळवणी, आणि आग्रह झाला की आणखी दोन. पंचक्रोशीत नाव होतं माझं, आणि मला त्याचा अभिमानही होता. पण जेवल्यावर मी माझा राहत नाही. अंग जड होतं, डोळे मिटतात, समोरच्याचं बोलणं विहिरीच्या तळातून यावं तसं येतं. झोप लागली हे कळू नये म्हणून मी दर वाक्याला मान हलवून 'बराबर' म्हणत राहतो. तुझी आई म्हणायची, "जेवल्यावर कोन्ही तुमचं शेत मागितलं तरी बराबरच म्हणताल तुम्ही." मी हसायचो. लोक हसले नाहीत, त्यांनी लक्षात ठेवलं.

फाल्गुनात रखमाजीनं जेवायला बोलावलं. त्याच्या मुलाची पहिली बायको गेलेली, मुलगा चाळिशीला टेकलेला, आणि आपली झुंबर चौदाची. देणार नाही असं ठरवूनच मी गेलो होतो. पण त्या घरची रीत म्हणजे आधी जेवण, मग बोलणं. त्याच्या धाकट्या सुनेनं पोळीवर धारेनं तूप सोडलं, आणि पुढचं तू ओळखशील. जागा झालो तेव्हा कपाळाला कुंकू होतं, मांडीवर नारळ होता आणि पुढ्यात सुपारी फुटलेली होती. मी म्हटलं, हे कधी झालं? रखमाजी म्हणाला, "तुम्हीच तर बराबर म्हन्ले चार जणांसमोर. मंग आता काय राह्यलं?"

नऊ वर्षांपूर्वी तुझी सोयरीक अशीच झाली, द्वारका. तुला आजवर वाटत असेल की बापानं जमीनजुमला बघून दिलं. तसं नाही. बापानं काहीच बघितलं नाही, बाप लोडाला टेकून घोरत होता. घरी आल्यावर तुझी आई रडली, तर मी तिलाच सुनावलं की मर्दाचा शब्द आहे, फिरत नसतो. शब्द कसला, ढेकर होता तो. त्याच्यापायी तुला मी त्या घरात लोटलं.

या वेळी तोच नारळ घेऊन मी रखमाजीकडे परत गेलो. आदल्या दिवसापासून पोटात फक्त पाणी होतं. त्यांनी पुन्हा ताट वाढलं, पुन्हा तेच तूप. खोटं सांगत नाही, वासानं जीव कासावीस झाला. पण ताटासमोर हात बांधून बसलो आणि म्हटलं, त्या दिवशी बोललं ते माझं पोट होतं, आज मी बोलतोय, पोरगी देणार नाही. रखमाजी लालबुंद झाला. "अन्नाचा अपमान करून राह्यले तुम्ही, पुंजाराम." झाला अपमान. भरल्या ताटावरून उठलो, नारळ ताटाशेजारी ठेवला आणि भर उन्हात घरी चालत आलो. डोकं इतकं स्वच्छ मला कधी आठवत नाही.

त्या स्वच्छ डोक्यात तूच होतीस. नातीच्या जावळाला तुझ्या घरी आलो होतो. जेवणं झाल्यावर तू दाराआड येऊन उभी राहिलीस आणि हळूच 'आबा' म्हणालीस. मी ऐकलं होतं. डोळे उघडायचे म्हटलं, उघडले नाहीत. घटकाभरानं उठून बघतो तर तू भांडी घासत होतीस, आणि मी बैल जुंपून निघून आलो. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी तुला माहेरी धाडलं नाही. आता तुळजाबाई सांगते, बांगड्या भरताना तू मनगट मागं ओढतेस, आणि वर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत. ते ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

म्हणून हे पत्र. येत्या गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येतोय. चार दिवसांच्या माहेरपणाला नाही, कायमची न्यायला. तुझी आई आणि झुंबर तुझी खोली सारवून राह्यल्या आहेत. एकीची सोयरीक मोडली, एक परत आणली असं लोक म्हणतील. म्हणू देत, त्यांच्या पारावर मी बसतोच आहे. तुझा सासरा पाट मांडेल, ताट वाढेल. मी तिथं पाणीही पिणार नाही. तू पोरीला कडेवर घेऊन ओसरीवर ये. जावळाच्या दिवशी दाराआडून जे सांगायचं होतं ते सगळ्यांसमोर सांग. आणि आता सांगावंसं वाटत नसेल, तर काही न बोलता सरळ गाडीत बस.

तुझाच,
आबा