काळ्या पेटीतला हात

४ मार्च
वही आणून पंधरा दिवस झाले, रोज उद्यावर ढकलत होतो. आज बसलोच. परळच्या एका लॅबमध्ये उंदीर सांभाळायची नोकरी लागली, तीही एसीत. हिंदमाताचं साड्यांचं दुकान सोडल्यापासून ही तिसरी. मामी म्हणाली, उंदरांका खाऊक घालूक पगार गावता? मुंबय सुदारली म्हणायची.
काम भारी आहे. काजवा ज्या प्रथिनामुळे चमकतो, ते इथे कॅन्सरच्या पेशींत घातलंय. त्या पेशी उंदराला टोचतात. मग एक औषध टोचून त्याला काळ्या पेटीत ठेवलं, की पेशी जिथे असतील तिथे उजेड. आपल्याला दिसत नाही, पेटीतल्या कॅमेऱ्याला दिसतो. उंदीर न कापता कळतं, रोग कुठवर गेला. कॅन्टीनचा वडा बरा, चटणी पाणचट.

९ मार्च
वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे इथल्या पीएचडीवाल्या उन्मेषने दहादा सांगितलेलं. मी मोबाईल बघत लावायला गेलो, सुई अंगठ्यात. आत पेशी होत्या. अपघाताच्या वहीत लिहिलं तर हीही नोकरी जाणार. धुतलं, पट्टी लावली, गप्प बसलो.

२९ मार्च
अंगठ्याशी वाटाण्याएवढी गाठ. ओपीडीत तीन तास रांग, डॉक्टर म्हणाले चरबीची असेल. सुईचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःचीच चीड येते.

२ एप्रिल
उन्मेष जेवायला गेल्यावर ते औषध स्वतःला टोचलं. हात पेटीत. दार लागेना, भोवती काळं कापड गुंडाळलं.
स्क्रीनवर अंगठा लालभडक, म्हणजे उजेड सगळ्यात जास्त तिथेच.

६ एप्रिल
उन्मेषला सांगितलं. सुई टोचली आणि पेटीत फोटो काढला एवढंच, सुई कधी टोचली ते नाही. वाटलं शिव्या घालेल. त्याने विचारलं, औषधानंतर किती मिनिटांनी फोटो काढलास. लॅबच्या प्रमुख मॅडम जर्मनीत, मेअखेर येणार. त्यांना उद्या मेल करतो म्हणाला.

८ एप्रिल
मेल नाही. उद्या, म्हणतो. आधी एक फोटो. मनगट उजळलं. हॉस्पिटलात जातो म्हटलं, तर म्हणे दोन दिवस थांब रे, रीडिंग तुटेल. आणि मी थांबलो, गाढव —

१० एप्रिल
कोपर. उन्मेष फोन उचलत नाही. अपघाताची वही समोर घेतलीय, आता खरं लिहिणार आणि थेट —
दार उघडलं. मॅडम. जर्मनीत गेल्याच नव्हत्या? हातात पिंजऱ्यावर लावतात तसलं कार्ड. माझं नाव. खाली, पेशी टोचल्याची तारीख : ९ मार्च.
पण ती तारीख मी तर कुणालाच —