वेदच्या कोठीची साफसफाई

मांडवी, रत्नागिरी
गुरुवार, ११ मे २००६

चि. सौ. कुमुद हिला मालूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली बघतेस? आम्ही ठीक आहोत. माझा वेद पायाला प्लास्टर घालून ऑफिसच्या कॉम्प्युटरसकट घरी आलाय, हे तुझ्या भार्गवीने सांगितलंच असेल (एकाच ऑफिसात बसतात, एवढं तरी बोलत असतील).

तर त्या कॉम्प्युटरात एक कोठी आहे. वेद दुसऱ्यांनी करून ठेवलेले प्रोग्रामचे तुकडे आपल्या कामात वापरतो. कुठला हवा ते यादीत लिहिलं, की सगळं जुळवून बांधणारा एक प्रोग्राम तो तुकडा बाहेरच्या मोठ्या कोठारातून मागवतो आणि या कोठीत लावून ठेवतो. नावाची तऱ्हा ऐक. आधी करणाऱ्याचा पत्ता, तोही शेवटून (म्हणजे माझ्या लोणच्यावर भारत, रत्नागिरी, मांडवी, मालिनी), मग वस्तूचं नाव, मग आवृत्तीचा आकडा. इथवर मला पटलं. तुझ्या डब्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. गेल्या खेपेस मी चहात मीठ घातलं ते विसरलेले नाही.

मिरगापूर्वी मी दरवर्षी कोठी लावते. परवा वेद प्लास्टर दाखवायला गेला (गाडी यांनी चालवली, म्हणजे दोन तास नक्की), तेव्हा मी त्याची उघडली. निवृत्तीनंतर तीन महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास मी उगाच केलेला नाही. बघते तर एकाच वस्तूचे सात-सात नग: १.०, १.१, १.२. प्रत्येकाचा शेवटचा तेवढा ठेवला, बाकीचे पुसले. अर्धी कोठी मोकळी झाली. मला फार बरं वाटलं.

वेदला वाटलं नाही. त्याचं म्हणणं, एकदा १.२ म्हणून बाहेर पडलेल्या वस्तूला कोणी पुन्हा हात लावत नाही. सुधारणा झाली तर ती १.३, जुनी तशीच ठेवायची, कारण कुणाचं तरी काम तिच्यावरच चालत असतं. "आई गो, नवं ते सगळ्यांना चालतंच असं नसतं," असं मला शिकवत होता. वर्गात जुनी वही आणली म्हणून तीस वर्षं मी मुलांना बाहेर उभं केलं, तेव्हा कुणी असं बोललं नव्हतं.

आता तो प्रोग्राम पुसलेलं सगळं टेलिफोनच्या तारेवरून पुन्हा मागवतोय. दोन दिवस फोन अडकलाय, म्हणून हे पत्र. बूथवरून बोलले असते, पण तिथे एकाने बोलायचं आणि अख्ख्या मांडवीने ऐकायचं. शेजारचा शिवा आज रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय, त्याच्या हाती देते.

तुझी मालूताई

ता. क. सोबतची हापूसची पेटी तुला नाही, भार्गवीला आहे. ऑफिसने स्वतः केलेला एक तुकडा बाहेरच्या कोठारात मिळत नाही, ऑफिसातच मिळतो. पेटीत चिठ्ठी आहे, तिच्यावर नाव आणि आकडा: १.४. शुक्रवारीच सीडी करून शनिवारी परतणाऱ्या शिवाबरोबर धाड म्हणावं. सोमवारी वेदने काम दाखवलं नाही तर ते दुसऱ्याला देणार आहेत. तो स्वतः मागायला तयार नाही. आईने पुसलं हे ऑफिसात सांगायचं कसं, म्हणतो. तिने कारण विचारलं तर वीज गेली होती म्हणून सांग. १.५ पाठवू नये. ती मी ठेवली आहे आणि ती चालत नाही.

ता. क. २. कोठी लावताना आपल्या आईने घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी पुन्हा हाती आली. तिच्याच अक्षरात १९८८ लिहिलंय. यंदाही टाकली नाही. दरवर्षी नवं घालते, पण तसं होत नाही. वेदला सांगू नकोस.