तेहतिसाव्या अंकातले हात

प्रिय बारक्या,

सत्तेचाळिशी गाठलीस, पोट सुटलं, तरी मी तुला बारक्याच म्हणणार, आणि आज तर मुद्दाम म्हणणार. वर ‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. रविवारपासून माझं डोकं फिरलंय. फोन केला असता तर तू मधे मधे ‘अगं ताई, ऐक ना’ करत बसला असतास, म्हणून पत्र. आता तू ऐक.

तुमच्या त्या सभेला मी पहिल्यांदाच आले. बाबांच्या ‘दूरतारा’ कॉमिकचे एवढे चाहते अजून शिल्लक आहेत याचंच मला आधी नवल वाटलं. सायकलच्या दुकानावरची ती लांबट खोली, चाळीसेक खुर्च्या, भिंतीवर पडदा, आणि टक्कल पडलेली, नातवंडं असलेली माणसं एक ते दहाचे पुठ्ठ्याचे फलक घेऊन बसलेली. दर महिन्याला एक जुना अंक काढायचा, पानापानानं पडद्यावर दाखवायचा, त्यावर वाद घालायचे आणि शेवटी मार्क द्यायचे. छान आहे की! बाबांनी काढलेलं यान भिंतभर मोठं झालेलं बघून मीही खुर्चीतून अर्धी उठले, खोटं कशाला बोलू. मग तू माइक घेतलास आणि सगळ्यांना सांगितलंस की ती मागे बसलीय ना, ती माझी ताई, तिला कॉमिक्समधलं ओ की ठो कळत नाही, आज चुकून आलीय. सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

आणि पडद्यावर आला तेहतिसावा अंक.

मला वाटलं होतं, एकेचाळीस वर्षांत लोक विसरले असतील. कुठलं काय! तुमच्यातल्या त्या दातांच्या डॉक्टरनं तर अभ्यासच करून आणला होता. चोवीस पानांत एकशे सतरा हात दिसायला हवेत आणि दिसत नाहीत, म्हणे. कप्तानबाई अंकभर खिशात हात घालून हुकूम सोडतात. वैमानिक यान चालवतो, पण आपल्याला दिसते ती त्याच्या खुर्चीची पाठ. परग्रहावरचा राजा शरण येतो तोही हात मागे बांधून. शास्त्रज्ञाच्या पुढ्यात दर चौकटीत एक खोकं. डॉक्टर काठीनं एकेक दाखवत होता आणि खोली खदाखदा हसत होती. मग कुणीतरी विचारलं, बत्तिसाव्या अंकाच्या शेवटी यान वाळवंटी ग्रहावर कोसळत होतं, ते तेहतिसाव्यात थेट बर्फात कसं उतरलं? पुन्हा हशा. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत होतं? तू. मांडीवर थाप मारून मारून. फलक वर करायची वेळ आली तेव्हा तू ‘एक’ वर धरलास. बापाच्या अंकाला पोराचा एक मार्क! केवढा निःपक्षपाती, म्हणून टाळ्याही घेतल्यास.

तेवढ्यावर थांबला असतास तरी मी मुकाट्यानं घरी गेले असते. पण नाही. तू जाहीर करून टाकलंस की ‘दूरतारा’चे सगळे अंक एकत्र छापायचं जे पुस्तक निघतंय, त्यातून तेहतिसावा गाळायचा. आणि प्रस्तावनेत लिहायचं की हा अंक बाबांनी कुणा भाडोत्री माणसाकडून उरकून घेतला असावा, त्याबद्दल कुटुंबाच्या वतीनं वाचकांची माफी. कुटुंबाच्या वतीनं! का रे, मी कुटुंबात नाही? मला एका शब्दानं विचारलंस? त्या वेळी तू सहा वर्षांचा होतास. तुला काय माहीत कुणी काय उरकलं ते! पण माइक हातात आला की तुझी जीभ सुटते, लहानपणापासून.

तुला तेव्हा सव्वा महिना मावशीकडे ठेवलं होतं, आठवतं? बाबांना टायफॉइड झालाय असं तुला सांगितलं होतं; परत आलास तेव्हा ते अंथरुणातच होते, तोही टायफॉइडचाच अशक्तपणा म्हटलं. मग शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं, आणि हळूहळू घरात तेच खरं होऊन बसलं. टायफॉइड नव्हता. एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. अंक छापायला द्यायला एकोणीस दिवस उरले होते आणि चोवीसपैकी एकही पान झालं नव्हतं. मालकांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘दूरतारा’ दुसऱ्या कुणाकडे सोपवला असता. बाबांच्या जागेवर डोळा ठेवून दोघं जण तर रोज ऑफिसात चकरा मारत होते. आईनं माझ्याकडे बघितलं. मी एकोणीस वर्षांची होते.

चौकटींच्या रेघा मारायच्या, काळं भरायचं, यंत्रं आणि डोंगर काढायचे, हे मी चौदाव्या वर्षापासून बाबांच्या टेबलाशी बसून करत होते. चेहरेही जमायला लागले होते. जमत नव्हते ते फक्त हात. हात सगळ्यांत शेवटी शिकवीन, असं बाबा म्हणायचे, आणि प्रत्येक पानावरचे हात स्वतःच काढायचे. आता कळलं, ते एकशे सतरा कुठे गेले? खिशात घातले मी. खोक्यांमागे लपवले. आमच्या या कटात घराबाहेरचे एकटे लेखककाका होते. ‘दूरतारा’च्या गोष्टी तेच लिहायचे. त्यांच्याकडे जाऊन मी रडले, म्हटलं, काका, वाळवंटात माणूस खिशात हात घालून कशाला उभा राहील? त्यांनी माझ्यासमोर वाळवंटावर काट मारली आणि बर्फ लिहिला. आपल्या गोष्टीची माती होतेय हे त्यांना दिसत होतं, तरी हूं की चूं केलं नाही.

पण शेवटची चौकट काही टळेना. म्हातारा यंत्रकार सगळ्यांना यानात ढकलतो, दार बाहेरून बंद करतो, यान उडतं, आणि शेवटी दिसतो तो बर्फात पडलेला त्याचा हात. गोष्टच तिथे संपत होती. तिथे कुठून आणू खिसा? स्वतःचा डावा हात बघून काढला, जमेना. आईचा हात बघावा तर तो क्षणभर मोकळा नसायचा. तीन दिवस नुसते कागद फाडले. चौथ्या दिवशी दुपारी बाबांना औषध द्यायला गेले. त्यांचा उजवा हात चादरीवर पडला होता. घरात न हलणारा तेवढा एकच हात होता.

मी तो उचलला, मला हवा तसा उताणा ठेवला, बोटं जराशी वाकवली आणि शेजारी सायकलचा पाना ठेवला. बाबा जागे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी मी थांबले नाही. दोन तास बसून काढत राहिले. मला लाज वाटत होती आणि चित्र चांगलं होत होतं, दोन्ही एकदमच.

अंक तीन महिन्यांनी निघायचा; पुढचे दोन अंक मालकांनी, टायफॉइडचा अशक्तपणा आहे असं समजून, जुन्या गोष्टी छापून भागवले. सात महिन्यांनी वाचा परत आली, हातही थोडाफार चालायला लागला, तेव्हा बाबांनी सगळ्यांत आधी काय मागावं? माझी ती चोवीस पानं आणि लाल पेन्सिल. मी जिथे जिथे हात लपवला होता, तिथे तिथे ते थरथरत्या रेघांनी हात काढत गेले, कसा असायला हवा होता ते दाखवत. दोन दिवस चाललं होतं. मी शेजारी उभी. छान नाही, वाईट नाही, एक अक्षर नाही. शेवटच्या पानावर काहीच खूण केली नाही, ते पालथं घातलं आणि उठून गेले. मला त्यांचाही राग आहे, बारक्या. ते जाऊन तेरा वर्षं झाली, राग गेलेला नाही. त्यानंतर मी माणूस म्हणून काढला नाही. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायला लागले आणि अडतीस वर्षं नळांच्या लाइनी काढून रिटायर झाले. नळांना हात नसतात. आईला शब्द दिला होता म्हणून कुणाजवळ बोलले नाही. आता आई नाही, तरीही बोलले नसते.

पण रविवारी तू ती शेवटची चौकट पडद्यावर आणलीस आणि एकदम हसायचा थांबलास. म्हणालास की ही एकच चौकट बाबांनी स्वतः काढलेली आहे, असा हात दुसऱ्या कुणाला जन्मात जमणार नाही, या चौकटीला दहापैकी दहा. तो डॉक्टरसुद्धा चष्मा काढून पुसत होता. एकेचाळीस वर्षांत माझ्या चित्राला मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि ती तू बाबांना देऊन टाकलीस! माझ्यासमोर! म्हणून हे पत्र. अंक वाईट आहे, मला माहीत आहे. तुझा ‘एक’ तू ठेव, मी स्वतः तीन दिले असते. पण पुस्तकात तेहतिसावा अंक राहील, खिशातल्या हातांसकट राहील, आणि ती माफी निघेल. मूळ पानं माझ्या कपाटात आहेत, लाल पेन्सिलीसकट. पुस्तक छापायला जाण्याआधी तुमची अजून एक सभा आहे. तिला मी येणार आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. तू माइक घे, ती चौकट पुन्हा पडद्यावर लाव, आणि बाबांना दिलेले ते दहा मार्क परत घेऊन मला दे. सगळ्यांसमोर, उभं राहून, माझ्या नावानं.

तुझीच,
भाडोत्री ताई