झोपेत मी कसा दिसतो

प्रिय मास्तरीणबाई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कपाटात टाकशील, अशी धास्ती होती, म्हणून पत्ता छापून चिकटवलाय. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. शुद्धलेखनाच्या चुका निघतील, त्यांवर खुशाल लाल पेन फिरव. आपण वेगळे झाल्यापासून जे काही बोललो ते कागदपत्रांपुरतं आणि फोनवर, आणि फोनवर मी कसा तुटक बोलतो ते तुला माहीतच आहे. हे सांगायला मला कागदच बरा.

दुकान ठीक चाललंय. काचा घासायला नवं यंत्र घेतलंय, पण कडा अजून मी हातानंच साफ करतो. गेल्या हिवाळ्यापासून मात्र एक विचित्र प्रकार सुरू झाला. काही सकाळी उठलो की वाटायचं, रात्री कुणीतरी मला बडवून गेलंय. खांदे दुखायचे, डोकं जड. डोक्यात इतकं धुकं, की चहाचं आधण ठेवायला गेलो तर भांडं हातात घेऊन नुसता उभा. जीभ एका बाजूनं सोललेली, गरम काही तोंडात धरवत नसे. उशीवर एकदोनदा रक्ताचे डाग दिसले. चादर जमिनीवर. बरं, हे रोजचंही नाही. दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत जायचं आणि मग लागोपाठ दोन सकाळी तीच गत.

तू मला ओळखतेस. एखादी गोष्ट कळली नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. आधी गादीवर खापर फोडलं, ती बदलली. मग उशी. मग वाटलं, आपण झोपेत चालत असू, म्हणून दाराला आतून खुर्ची लावून बघितली. खुर्ची जागच्या जागी राहिली आणि सकाळी उजव्या हाताची बोटं मात्र सोलवटलेली, भिंतीचा रंग पलंगाशेजारी खरवडलेला. खरं सांगू, त्या दिवसांत मला भीती नव्हती वाटत. माझ्याच खोलीत, माझ्याच अंगावर काहीतरी घडतंय आणि तिथे हजर असूनही ते मला ठाऊक नाही, या गोष्टीची मला गंमत वाटायची. दिवसभर भिंगं घासता घासता मी त्याचाच विचार करायचो.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायला आलेत, व्हायोलिन शिकवतात. जिन्यात भेटले तेव्हा अगदी संकोचून म्हणाले, "राग मानू नका, पण तुम्ही पहाटे पलंग सरकवता का? तालात सरकवता, म्हणून विचारलं. आधी द्रुत, मग सावकाश होत होत थांबता." मी हसण्यावारी नेलं खरं, पण 'तालात' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. पलंग सरकवणारा माणूस ताल कशाला धरेल?

त्यानंतर मी फोनवर आवाज टिपायला लावून झोपायला लागलो. पुष्कळ दिवस नुसतं घोरणं. मग एका सकाळी पुन्हा जीभ सोललेली निघाली. फोन घेऊन दुकानात गेलो, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कानाला लावला. आधी एक आवाज आला, छातीतली सगळी हवा कुणी एकदम पिळून काढावी तसा. तो माझा आहे हे मला पटेना. दोनदा मागे नेऊन ऐकला. मग थोडा वेळ काहीच नाही आणि मग पलंग भिंतीवर आपटायला लागला. आजोबा म्हणाले होते अगदी तसाच, आधी भराभर, मग अंतर वाढत वाढत थांबला. शेवटी खूप वेळ घरघर, करवतीनं लाकूड कापल्यासारखी. समोर कुणाच्या तरी चष्म्याची अर्धी बसवलेली काच पडली होती आणि मला ती बसवताच येईना. भीती वाटली ती तेव्हा.

तरी डॉक्टरकडे गेलो नाही. काय सांगणार, पलंग वाजतो म्हणून? गेलो ते दाढेचा टवका उडाला म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी दाढ सोडून जीभच धरली. म्हणाल्या, "ही चावली गेलीय. आणि एकदाच नाही, जुने व्रणही आहेत." मी म्हटलं, जेवताना चावली असेल. त्या म्हणाल्या, "जेवताना चावली की माणूस ओरडतो आणि त्याला आठवतं. ही बाजूनं खोल चावलीय आणि तुम्हाला पत्ता नाही. सकाळी अंग दुखतं? कधी कपडे ओले झालेत?" मास्तरीणबाई, तेही दोनदा झालं होतं. मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, पण तोंडात त्यांचा आरसा असताना खोटं बोलायचं कसं? मान हलवली. त्यांनी दाढेचं काम पुढे ढकललं आणि तिथूनच मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला.

हे डॉक्टर वयस्कर आहेत, अजिबात घाई नाही. सगळं ऐकून घेतलं, फोनमधला आवाजही ऐकला. मी विचारलं, हे वाईट स्वप्नांमुळे नसेल ना? ते म्हणाले, स्वप्नात हातपाय झाडणारा माणूस हलवला की बहुतेक वेळा पटकन जागा होतो, कधी काय स्वप्न पडलं तेही सांगतो. झटक्याचं, म्हणजे फिट येते तिचं, तसं नाही. तो दर वेळी साधारण त्याच क्रमानं येतो आणि नंतर माणूस बराच वेळ भांबावलेला असतो. हाका मारल्या तरी त्याला कळत नाही. काहींना हे झटके फक्त झोपेतच येतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, सर्वांत कमी त्यांच्या स्वतःच्या. मग मला एक रात्र जागवलं, सकाळी डोक्याला तारा चिकटवून प्रयोगशाळेतच झोपवलं आणि मेंदूचा आलेख काढला. जागेपणीचा आलेख सरळ होता, झोपेतल्यानं चुगली केली. अपस्मार. ऐकायला जड वाटतो शब्द, पण गोळ्या सुरू झाल्यापासून जीभ शाबूत आहे. पोहणं बंद, तूर्त गाडीही बंद, पलंगही बुटका केलाय. आजोबांना एक किल्ली देऊन ठेवलीय. पुन्हा ताल ऐकू आला तर मला दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, फक्त कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखान्याची गाडी बोलवायची. त्यांनी ते मान डोलावत पाठ केलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, "झोपेत तुम्हाला कोण पाहतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "पूर्वी?" मी म्हटलं, बायको होती. मग त्यांनी विचारलं, झटक्यात डोळे उघडे असतात का. मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार, झोपलेल्या माणसाचे मिटलेलेच असतील. ते म्हणाले, "बहुधा उघडे असतात. बघणाऱ्याला वाटतं, माणूस जागा आहे." आणि मला तुझा सुजलेला ओठ आठवला. त्या सकाळी तू म्हणाली होतीस, "तू जागा होतास. माझ्याकडे बघत होतास. हात उगारलास आणि मी हाका मारल्या तर ओ देईनास." मी म्हटलं होतं, मी झोपलो होतो, तू स्वप्न बघितलंस. तू शेजारच्या खोलीत झोपायला लागलीस आणि वर्षभरात घरातून गेलीस. इतकी वर्षं मला वाटत होतं, तू काहीतरी रचून सांगितलंस. आणि मी जाणूनबुजून मारलं असं तुला वाटत होतं, ते तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस, पण मी ते ओळखून होतो.

मी तुला परत बोलवत नाही. तुझं तिकडे छान चाललंय असं कळतं आणि ते मला मनापासून बरं वाटतं. फक्त तुला हे कळायला हवं होतं, की तू बघितलंस ते खरं होतं आणि तुझ्यावर हात उगारायचं माझ्या मनातही नव्हतं. आणि एक मदत हवीय. डॉक्टरांना जाणून घ्यायचंय की हे केव्हा सुरू झालं, तू घरात असताना मी जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला होता त्याच्या आधी की नंतर, आणि झटका येताना माझी मान आधी कुठल्या बाजूला वळायची. त्यावरून मेंदूत हे कुठून सुरू होतं त्याचा अंदाज येतो म्हणे, पुढचे उपचार ठरवायला उपयोग होईल. मला झोपेत पाहिलेलं जगात तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. आठवणं जड जाणार असेल तर राहू दे, मी समजून घेईन. पण आठवलं तर जसं दिसलं तसं लिही, माझ्या मनाला लागेल म्हणून काही गाळू नकोस.

तुझाच,
भिंगवाला